तुह्या फोटोनं ब्रेक तापले, दादा

दुसरबीड, ता. सिंदखेड राजा
शुक्रवार, सांजचं

आदरणीय संघपालदादा यायले धाकटी बहीण महामाया हिचा दोन्ही हात जोडून जय भीम.

इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत (गाडी सोडून). तुमची साखर कशी आहे? सकाळचं फिरणं चालू आहे का फिरायचे बूट घालून ओट्यावर बसणं चालू आहे? धम्मशीला वहिनीच्या गुडघ्याले त्या नव्या तेलानं आराम पडला का? नसंल पडला तर ते तेल इकडं पाठवू नका, मागच्या खेपेचं अजून तसंच पडलं आहे. लहानथोरायले माही आठवण सांगा. मानपान झाला. आता इथून पुढं मी 'तू' म्हणते, काऊन की 'तुम्ही' लिवता लिवता माहा राग थंडा होते, अन् आज मले तो थंडा होऊ द्यायचा नाही.

फोन काऊन केला नाही असं तू म्हणशीन. फोनवर तू मले बोलू देतं का? मी एक बोलली का तू तीन बोलतं, अन् मंग बॅटरी संपली म्हणून ठेवून देतं. बुलढाण्यात इतकी लाईट असते, तुहीच बॅटरी कशी काय संपते? म्हणून कागदावर लिवून राह्यली. चवथीपर्यंतचं शिक्षण आहे, अक्षर वाकडंतिकडं आहे, पण कागदाले मधातच तोडता येत नाही. वाचून होईपर्यंत तुले मुकाट्यानं बसा लागीन. पाणी घेऊन बस.

तर मंगळवारी तू फोनवर जे बोलला ते सगळं बरोबर आहे. गाडी तुही, कागदपत्र तुह्या नावाचे, तुले ती भंगारात द्यायची असंल तर दे. रविवारी गाडी ओढून न्यायचा ट्रक घेऊन ये अन् घेऊन जाय. माह्याही डोक्याचा ताप गेला. मी तं पहिल्याच दिवशी म्हणली होती का पोरीले शिलाई मशीन दे, गाडी नको देऊ. पण त्या दिवशी मैदानावर झालं काय ते तुले अर्धंच माहीत आहे, अन् ते अर्धं तू व्हिडिओ कॉलवर पाह्यलं आहे, जवा ह्यायच्या हातातला मोबाईल निरा आभाळाकडं होता. आभाळात काही झालं नव्हतं, दादा. जे झालं ते खाली झालं. ते वाच अन् मंग ट्रकवाल्याले सांग.

तू गाडी दिली तवा तुले वाटलं का अपेक्षा त्याच्यात बसून कॉलेजात जाईन, चार पोरी तिले मॅडम म्हणतीन. तिनं पहिल्या आठवड्यात मागची शिटं काढली. वजन कमी कराले म्हणे. (ती शिटं माह्या दुकानात आणून ठेवली आहेत. ब्लाऊजचं माप द्याले आलेल्या बाया त्याच्यावर बसतात अन् उठायचं नाव घेत नाहीत. शेजारची बनाबाई तं काल शिवायले काहीच न आणता येऊन बसली.) मंग आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला, खांद्यावरून येणारे पट्टे बसवले. गोविंदा मेकॅनिक (मेहकर रोडवरचा, ज्याच्या गॅरेजात गाडीपरीस बकऱ्या जास्त असतात) तिच्या सोबतीले. ह्यायनं इचारलं, हे काय करून राह्यली बाई? तं म्हणे बाबा, शर्यत. ह्यायले वाटलं बैलायचा शंकरपट. ते खुशीत शेतात निंघून गेले.

शर्यत कशी असते ते मलेही आधी माहीत नव्हतं. मले वाटे का गाड्या एकमेकीले ढुसण्या देतात. तसं काही नाही. मोठा महामार्ग बांधला तवा ठेकेदाराचा गिट्टी-सिमेंटचा प्लांट होता ना, ती जागा आता रिकामी पडली आहे, खाली सारा पक्का कोबा. तिथं जालन्याकडची, खामगावकडची हौशी मंडळी जुने टायर मांडून वळणावळणाचा रस्ता करतात अन् एक एक गाडी एकटीच पळवतात, घड्याळासंग. पाच चकरा मारायच्या. ज्याले कमी वेळ लागला तो पहिला. कोणी कोणाले आडवं जात नाही. (आपल्या घरच्या लग्नात जेवायच्या पंगतीले याच्यापरीस जास्त धोका असते.)

आता मुख्य गोष्ट. या खेळात गाडी पळवणं सोपं आहे म्हणे, कठीण आहे ते तिले तापू न देणं. हे अपेक्षानं मले तीनदा समजावून सांगतलं. पहिल्या खेपेले मी काज करत होती, दुसऱ्या खेपेले गिऱ्हाईक होतं, तिसऱ्या खेपेले ती माह्या मशीनचं चाक धरून उभी राह्यली तवा मले ऐका लागलं. चाकाच्या आत लोखंडाची चकती असते. ब्रेक दाबला का दोन पट्ट्या तिले दोन्हीकडून आवळतात. घासलं का तापलं. रस्त्यावर आपण एखादवेळा ब्रेक दाबतो, मंग हवा लागून थंडं होते. इथं वळण आलं का दाब, वळण गेलं का पळव, पुन्हा वळण. चकती लालबुंद व्हायले येते. तो ताप चढत चढत ब्रेकच्या ऑइलात जाते. ऑइल जुनं असंल तर त्यानं हवेतला ओलावा पिलेला असते, ते उकळते, त्यात बुडबुडे होतात. अन् बुडबुडे झाले का पाय दाबला तरी पेंडल निरा खाली जाऊन फरशीले टेकते, गाडी थांबत नाही. गिअरचंही तसंच. सारखं खालीवर केलं का गिअरपेटीतलं ऑइल पातळ होते, अन् क्लच अर्धा दाबून ठेवला तर तोही जळते, त्याचा वास येते, खरपूस.

म्हणून पोरीनं अन् गोविंदानं काय केलं, गाडीच्या नाकाले, बंपरात, दोन्हीकडून दोन भोकं पाडली. त्याले कूलरचा जाड पाइप लावला अन् तो पाइप थेट चाकातल्या चकतीपाशी नेऊन सोडला. गाडी पळाली का समोरची हवा भोकातून घुसते अन् चकतीले फुंकर घालते. लय हुशारीचं काम. मी म्हणली, अपेक्षा, भोकं पाडाले कॉलेजात चार वर्षं शिकावं लागते का वं? तं म्हणे, आई, कुठं पाडायची ते शिकावं लागते.

आता इथं तू येतं, दादा. पाणी पिऊन घे.

शर्यतीच्या दोन दिवस आधी तुहा फ्लेक्स आला. एसटीच्या ड्रायव्हरजवळ गुंडाळी करून पाठवला होता तू. 'आमची लाडकी भाची कु. अपेक्षा हिला गरुडभरारीसाठी हार्दिक शुभेच्छा.' अपेक्षाचा फोटो कोपऱ्यात, आधार कार्डावरचा. माहा नाही. ह्यायचा नाही. अन् मधात तू. गॉगल लावून, हात वर करून, निवडणुकीले उभा असल्यावाणी. खाली 'शुभेच्छुक: गाडीदाते मामा'. गाडीदाते! मी पन्नास गावच्या बायायचे कपडे शिवले, असा शब्द कोणाच्या तोंडून ऐकला नाही. अन् तुहा हुकूम आला, फ्लेक्स गाडीच्या नाकावरच लागला पाहिजे, मागं नको, बाजूले नको, काऊन की फोटो समोरून काढतात.

आता फ्लेक्स दोरीनं बांधला तर फडफडते. मी काम करते तर कच्चं करत नाही, तुले माहीत आहे. म्या त्याच्या काठाले दुहेरी शिलाई मारली, आतून रुंद इलास्टिक टाकलं अन् गाडीच्या नाकाची मापं घेऊन निरा खोळ शिवली, उशीले घालतो तशी. इतकी फिट का मुंगी आत जाऊ नये. शर्यतीच्या सकाळी तपासणीवाल्यायनं गाडी तपासली, पट्टे ओढून पाह्यले, ठीक आहे म्हणून कागद चिकटवला, अन् मंग म्या ती खोळ चढवली. बनाबाईनं टाळी वाजवली. डावं भोक तुह्या गॉगलाखाली गेलं, उजवं भोक तुह्या वर केलेल्या हाताखाली. मधातली जाळी, जिथून इंजिनाले हवा लागते, ती तुह्या पोटाखाली.

अपेक्षा आत पट्टे आवळून, हेल्मेट घालून बसली होती. तिनं हातानं खूण केली, फोटो झाला का काढ. मी काढालेच गेली होती. तवा ह्यायच्या हातातल्या मोबाईलमधून कोण ओरडलं? 'माया, हात नको लावू! धावतानी दिसू दे! मी इथं समाजभवनात सगळ्यायले दाखवून राह्यलो!' मी म्हणली, दादा, पोरगी काढ म्हणून राह्यली. तू म्हणला, 'पोरीले काय समजते वं, एक मिनिटाची तं गोष्ट आहे.' माह्या हाताखाली इलास्टिक होतं, दादा. वढलं असतं तर निंघालं असतं. पण तू मोठा भाऊ. अन् खरं सांगू का, खोळ इतकी साजरी बसली होती का मलेही ती धावतानी पाहाची होती. तेवढ्यात झेंडा खाली पडला.

पहिली चकर अशी मारली पोरीनं का लोकायच्या टोप्या उडाल्या. दुसऱ्या चकरीले माइकवाला म्हणे, आतापर्यंतचा सगळ्यात कमी वेळ! ह्यायनं मोबाईल वर केला, तिथून तुले आभाळ दिसाले लागलं. तिसऱ्या चकरीले वास आला. मले वाटलं कोणाचं काहीतरी करपलं. गोविंदा मात्र एकदम उभा राह्यला, दोन्ही हातानं डोकं धरलं, अन् मले इचारते, 'माय, त्या पाइपायच्या तोंडावर काय आहे?' म्या सांगतलं, दादा आहे.

चौथ्या चकरीले शेवटच्या वळणावर तिनं ब्रेक दाबला अन् पेंडल फरशीले टेकलं. हे मले मागून समजलं. मले फक्त एवढं दिसलं का गाडी वळत नाही अन् तुहा फोटो सरळ माह्याकडं येऊन राह्यला, गॉगल लावून, हात वर करून. मी तुले आजवर अनेकदा घाबरली आहे, पण इतकी कधीच नाही. पोरीनं धडाधड गिअर खाली पाडले, गाडी अशी कोकलली का गिअरपेटी बाहेर येते का काय, अन् वळणाच्या मागं कुटाराच्या, म्हंजे भुश्याच्या, गोण्या रचून ठेवल्या होत्या त्याच्यात घुसली. सारं मैदान कुटारानं भरलं. बनाबाई शिंकत सुटली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत.

पोरीले खरचटलंसुद्धा नाही. हे पुन्हा लिवते, काऊन की तू फोनवर हे सोडून बाकी सगळं इचारलं. पोरीले खरचटलंसुद्धा नाही. तो पिंजरा, ते पट्टे, त्या गोण्या, सगळं तिनं आधी इचार करून ठेवलं होतं. फक्त तुहा अन् माहा इचार तिनं केला नव्हता.

पुढचं नुकसान आम्ही घरच्यायनं केलं. चाकातून धूर निंघत होता. मी पाहाले आलेल्यायच्या पिण्याच्या पाण्याचा जार उचलला (तो अख्खा जार म्या कसा उचलला ते आजही समजत नाही) अन् तापलेल्या चाकावर ओतला. गोविंदा दुरून ओरडे, नको नको, तवर ओतून झालं होतं. 'चर्रर्र' झालं अन् मंग 'टण्ण' असा आवाज आला. तापलेल्या चकतीवर थंडं पाणी पडलं का ती तडकते. मले कोणी सांगतलं होतं? धूर निंघाला का पाणी टाकायचं एवढंच मले येते. तिकडून हे धावत आले. गाडी उतारावर होती, तिनं घरंगळू नये म्हणून ह्यायनं जाऊन हँडब्रेक वढला, दोन्ही हातानं, बैलाची वेसण वढल्यावाणी. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक वढला का तो चिकटून बसते. मागची दोन्ही चाकं जाम. गाडी कुटारातून काढाले ट्रॅक्टर आणा लागला. पुढची चाकं म्या बिघडवली, मागची ह्यायनं, अन् नाक तू. एका गाडीले आमचं खानदान पुरून उरलं.

आता तू रागावला तो काऊन रागावला ते मले समजते. तू रागावला नाही, तू भेला. तू फोन ठेवल्यावर वहिनीनं मले दुसऱ्या फोनवरून सांगतलं, का समाजभवनात तू खुर्चीवरून उठला तो पायात चप्पल न घालता रस्त्यावर आला होता, हातात मोबाईल, मोबाईलमधी आभाळ. मले ते ऐकून कसंतरीच झालं. पण भेलेल्या माणसानं गाडी भंगारात देऊ नये, दादा. ब्रेकचं ऑइल बदलावं.

अन् ते बदललं आहे. जुनं सारं काढून, जास्त ताप सोसणारं भरलं. चकत्या नव्या, पट्ट्या नव्या. गिअरपेटीचं ऑइल नवं. भोकायच्या तोंडाले जाळी लावली. शेवटची चकर झाली का आणखीन एक चकर हळू मारायची, ब्रेकले हात... म्हंजे पाय न लावता, म्हणजे हवा लागून सगळं निवते. थांबल्यावर हँडब्रेक नाही, चाकाखाली लाकूड. ह्यायले त्या लाकडाचं काम दिलं आहे, ते लाकूड रोज तासून राह्यले. मले एक ताप मोजायची बंदूक दिली आहे, कोरोनात कपाळावर लावत ना, तशीच, पण ही चुलीचाही ताप सांगते. चाकावर लाल ठिपका पाडायचा अन् आकडा ओरडायचा. म्या घरात सगळ्यायले मोजून पाह्यलं. बनाबाई शांत बसली तरी इतरायपरीस गरम असते.

हे सगळं पोरीनं तुहा मंगळवारचा फोन यायच्या आधी केलं. फोन आल्यावर तिनं काहीच केलं नाही. रडली नाही, भांडली नाही. माह्या मशीनजवळ आली, कात्रीच्या बाजूले गाडीची चाबी ठेवली अन् म्हणे, मामाची आहे, मामाले देऊन टाक. अन् जाऊन अभ्यासाले बसली. मी तिची आई आहे, मले माहीत आहे ती कोणत्या पुस्तकाचं कोणतं पान किती वेळ पाहते. ते एकच पान होतं. लहानपणी ती रुसली का तू तिले खांद्यावर बसवून बसस्टँडवर न्यायचा अन् गाड्यायच्या पाट्या वाचून दाखवायचा. तिले गाड्यायचं येड लावलं कोणी? म्या? म्या तिले हातशिलाई शिकवली.

असो. मी तुले अडवत नाही. मोठ्यायपुढं बोलायची मले सवय नाही. वहिनीले जय भीम. गोळी वेळेवर घे. चूकभूल पदरात घे, नाही घेतली तरी माहं लिवून झालं.

तुही बहीण,
महामाया

ता. क. – रविवारी ट्रक घेऊन ये म्हणून वर लिवलं आहे, पण घरी येऊ नको. रविवारी गाडी घरी नाही. पुढची शर्यत रविवारीच आहे. म्या नाव मागं घेतलं नाही. चाबी माह्याजवळ आहे, अन् ती म्या ब्लाऊजायच्या गठ्ठ्यात कोणत्या ब्लाऊजात ठेवली ते मलेच माहीत. तू सरळ मैदानावर ये. रिकाम्या हातानं ये. फ्लेक्स आणू नको, फेटा आणू नको, माइक मागू नको.

आणखी ता. क. – ब्रेकच्या नव्या पट्ट्या लावल्या का लगेच पळवता येत नाही. आधी त्या बसवा लागतात. थोडं पळवायचं, हलका ब्रेक दाबायचा, पुरतं थांबायच्या आधी सोडायचं, पुन्हा पळवायचं. असं हळूहळू तापवायचं अन् हळूहळू निवू द्यायचं, जराही घाई करायची नाही. अपेक्षाची परीक्षा चालू आहे, गोविंदाच्या बकऱ्या व्याल्या आहेत. मंग हे काम कोणी केलं असंल? म्या केलं. त्या मैदानावर, गोविंदाले बाजूले बसवून. तो म्हणे, माय, तुमचा पाय हलका आहे. तीस वर्षं पायानं मशीन चालवते, हलका राहीन नाही तं काय. पक्कं लायसन हिवाळ्यातच काढलं होतं. ते काढाले बुलढाण्यालेच आली होती अन् तुह्या घरी न येता वापस गेली, हे वहिनीले सांगू नको, तिनं जेवल्याबिगर जाऊ दिलं नसतं अन् माही एसटी चुकली असती.

शेवटची ता. क. – आता खरं काम लिवते. रविवारी बायायची एक वेगळी शर्यत ठेवली आहे, चाळिशीच्या वरच्या. त्याच्यात चार नावं आली आहेत, एक माहं आहे. गाडी हीच. म्हणून भंगाराचं तेवढं सोमवारपर्यंत थांबव, अन् सोमवारी मी जिंकली असंल तर इषयच काढू नको. ह्यायले म्या अजून काही सांगतलं नाही. ते माहं ऐकत नाहीत, तुहं ऐकतात. अपेक्षाच्या पाच चकरा झाल्या का गाडी निवाले मधी बराच वेळ ठेवतात, तवा ते चाकाखाली लाकूड लावून वाकलेले असतीन. तेवढ्या वेळात तू जवळ जाऊन सांग. पण मी हेल्मेट घातल्यावर सांग. त्याच्यात बाहेरचं काही ऐकू येत नाही.